वाचिक अभिनय आणि श्रमाचे नाटक : कारखानाविषयक परदेशी नाटकांच्या अभिवाचनाचा मराठवाड्याच्या संदर्भात चिकित्सक विचार

प्रास्ताविक :

मराठी रंगभूमीचा परदेशी नाटकांशी असलेला संबंध जुना आणि समृद्ध आहे. शेक्सपिअर, मोलिअर, इब्सेन यांच्यापासून ब्रेख्तपर्यंत अनेक नाटककार भाषांतर व रूपांतराच्या मार्गाने मराठीत आले. मात्र या देवघेवीत आपण काय घेतले आणि काय घेतले नाही, याचा विचार फारसा झालेला नाही. ब्रेख्तचेच उदाहरण पाहता येईल. 'अजब न्याय वर्तुळाचा', 'देवाजीने करुणा केली' आणि 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या नाटकांमुळे ब्रेख्तची बोधकथा, त्याची गाणी आणि त्याचे निवेदनतंत्र मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजूर आणि मांसाचा व्यापार करणारे भांडवलदार ज्यात समोरासमोर उभे राहतात, ते त्याचे 'सेंट जोन ऑफ द स्टॉकयार्ड्स' हे नाटक मात्र आपल्या नाट्यचर्चेत क्वचितच येते. कारखाना, मजुरी, संप, टाळेबंदी हे विषय केंद्रस्थानी असलेल्या जागतिक नाटकांच्या बाबतीत हीच स्थिती दिसते.

मराठीत कामगारांचे नाटक नाही असे नाही. मामा वरेरकरांच्या 'सोन्याचा कळस' (१९३२) मध्ये गिरणीमालक व कामगार यांचा संघर्ष आला. अण्णा भाऊ साठे आणि लाल बावटा कलापथकाने लोकनाट्यातून श्रमिकांची मुंबई उभी केली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) ने संपानंतरच्या गिरणगावाचे चित्र मांडले. तथापि हा सारा प्रवाह प्रामुख्याने मुंबईचा आहे. निजामकाळात उभी राहिलेली, पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली आणि अखेर बंद पडलेली नांदेडची उस्मानशाही मिल, लातूरच्या तेलगिरण्या व डाळमिली, साखर कारखाने आणि त्यांच्यासाठी ऊस तोडणाऱ्या टोळ्या यांचे जग मराठी नाटकात त्या प्रमाणात उमटलेले नाही.

अशा वेळी परदेशी कारखाना-नाटकांचे अभिवाचन हा एक शक्य आणि स्वस्त मार्ग म्हणून पुढे येतो. नेपथ्य नको, वेशभूषा नको, दीर्घ तालमी नकोत. महाविद्यालयाचे सभागृह आणि आठ-दहा चांगले वाचक पुरेसे होतात. परंतु स्वस्त आहे म्हणून तो मार्ग योग्य ठरतो काय, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. श्रमविषयक नाटकाच्या संदर्भात अभिवाचन या प्रकाराच्या शक्यता व मर्यादा तपासणे.
२. निवडक परदेशी नाटकांचा मराठवाड्यातील श्रमव्यवस्थेशी असलेला संबंध शोधणे.
३. अशा अभिवाचनात भाषांतर, रूपांतर व बोली यांविषयी कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार मांडणे.

अभिवाचन : संकल्पना आणि अडचण :

नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. अभिवाचनात आहार्य जवळजवळ पूर्ण गळून पडते. आंगिक अभिनय हातातील संहितेमुळे मर्यादित होतो. उरतो तो वाचिक अभिनय आणि त्याच्या आधाराने प्रकट होणारा सात्त्विक भाव. कौटुंबिक किंवा वैचारिक नाटकाला हे नुकसान सोसता येते, कारण त्या नाटकाचा मुख्य व्यवहार शब्दांतूनच चालतो. श्रमाच्या नाटकाचे तसे नाही. श्रम ही मुळात अंगाची गोष्ट आहे. माग चालविणारा हात, पोते उचलणारी पाठ, दिवसभर उभे राहून सुजलेले पाय हे सारे आंगिक आहे. जो नाट्यप्रकार आंगिकालाच बाजूला ठेवतो, तो श्रमाचे नाटक कसे पेलणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

या शंकेला बळ देणारे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७८ मध्ये 'मशीन' हे पथनाट्य सादर केले. गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात कामगारांनी सायकली ठेवण्यासाठी जागा आणि चहासाठी कँटीन अशा साध्या मागण्या केल्या, त्यातून संघर्ष होऊन कामगार गोळीबारात मारले गेले, ही त्यामागची घटना. या नाटकात नट आपल्या शरीरांनीच यंत्र तयार करतात, ते यंत्र चालते आणि अचानक थांबते. त्या थांबण्यातच नाटकाचा अर्थ आहे. 'मशीन'चे अभिवाचन केले तर हातात संवाद उरतील, पण यंत्र उरणार नाही. तेव्हा सर्वच श्रमनाट्ये अभिवाचनाला योग्य असतात, असे म्हणता येणार नाही. निवड करावी लागेल आणि त्या निवडीला निकष लागेल.

रंगमंचाबाहेरचा कारखाना :

हा निकष नाटकांच्या रचनेतच सापडतो. कारखान्याविषयीची गाजलेली परदेशी नाटके बारकाईने वाचली असता एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. या नाटकांत कारखाना बहुधा रंगमंचावर नसतोच. जॉन गॉल्सवर्दी यांच्या 'स्ट्राइफ' (१९०९) मध्ये टिनपत्र्याच्या कारखान्यातील संप आहे, पण नाटक घडते ते व्यवस्थापकाच्या घरात, संपनेत्याच्या स्वयंपाकघरात आणि कारखान्याच्या बाहेर भरलेल्या सभेत. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' मध्ये यंत्रमानवांचा प्रचंड कारखाना आहे, पण पहिल्या भागात आपण बसतो ते संचालकाच्या कार्यालयात. लिन नॉटेज यांच्या 'स्वेट' (२०१५) मधील कामगार आपल्याला मुख्यतः मद्यालयात भेटतात. आपले 'अधांतर' तर चाळीतील एका खोलीत घडते.

याचे कारण केवळ नेपथ्याची अडचण हे नसावे. कारखान्यात माणसे बोलत नाहीत. यंत्रांच्या आवाजात बोलणे शक्य नसते. त्यांना बोलता येते ते पाळी सुटल्यावर, घरी, दारूच्या गुत्त्यावर, युनियनच्या सभेत किंवा पगार घेण्याच्या खिडकीपाशी. म्हणून नाटककार कारखाना दाखवीत नाही, ऐकवितो. भोंगा, बंद पडलेल्या धुराड्याचा उल्लेख, मजुरीतील कपात, खोकला, उधारी यांतून तो प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो. ज्या नाटकाचा कारखाना अशा रीतीने श्राव्य आहे, ते नाटक अभिवाचनात फारसे काही गमावत नाही. क्लिफर्ड ओडेट्स यांचे 'वेटिंग फॉर लेफ्टी' (१९३५) हे याचे टोकाचे उदाहरण होय. त्यातील कामगार कारखान्याचे नसून टॅक्सीचालक आहेत. परंतु संपाचा निर्णय घेणाऱ्या त्यांच्या सभेत प्रेक्षकांनाच सभासद मानले आहे. तेथे सभागृह हेच नेपथ्य ठरते.

मात्र येथे एक अट आहे. आपल्याकडे अभिवाचनात रंगसूचना गाळण्याकडे कल असतो. संवादांतील भाव आणि वाचकांचे आवाज यांवर सारा भर दिला जातो. श्रमनाट्याच्या बाबतीत हे घातक ठरेल. या नाटकांतील देह रंगसूचनांमध्ये राहतो. गेर्हार्ट हाउप्टमान यांनी विणकरांचे केलेले वर्णन पाहावे: मागावर वर्षानुवर्षे बसून आत गेलेल्या छात्या, निस्तेज चेहरे, वाकलेले गुडघे, अंगावरच्या चिंध्या. हा मजकूर प्रयोगात नटांच्या शरीरातून दिसतो. अभिवाचनात तो वाचलाच पाहिजे. किंबहुना रंगसूचना वाचणारा वाचक हा अशा अभिवाचनातील दुय्यम माणूस नसून गळून पडलेल्या आंगिकाचा तोच वाहक आहे.

'विणकर' : उचल, वजन आणि मुकादम :

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचे नाटक कोणते, असा प्रश्न केला तर उत्तर सहसा आधुनिक काळात शोधले जाईल. प्रस्तुत लेखकाच्या मते ते उत्तर यांतील सर्वांत जुन्या नाटकात आहे. हाउप्टमान यांचे 'विणकर' (मूळ जर्मन 'डी वेबर', १८९२) हे नाटक जून १८४४ मध्ये सायलेशिया प्रांतात झालेल्या विणकरांच्या उठावावर आधारलेले आहे. हाउप्टमान यांचे आजोबा स्वतः विणकर होते. बर्लिनच्या पोलिसांनी नाटकाच्या जाहीर प्रयोगाला बंदी घातली, तेव्हा १८९३ मध्ये 'फ्राय ब्यूने' या नाट्यसंस्थेने केवळ सभासदांसाठी त्याचा खासगी प्रयोग केला. पुढे न्यायालयाच्या निर्णयाने १८९४ मध्ये ते जाहीरपणे रंगमंचावर आले, तेव्हा जर्मन सम्राटाने निषेध म्हणून त्या नाट्यगृहातील आपली राखीव जागा सोडली. मर्यादित श्रोत्यांसमोर सादर होऊनही नाटक किती प्रभावी ठरू शकते, याचे हे उदाहरण अभिवाचनाच्या संदर्भात महत्त्वाचे आहे.

या नाटकातील विणकर खऱ्या अर्थाने कारखान्याचे कामगार नाहीत, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. ते घरी माग चालवितात. सूत व्यापाऱ्याचे, माग आणि श्रम त्यांचे. पहिल्या अंकात ते तयार कापड घेऊन ड्रायसिगर या मालकाच्या घरी येतात. कापड तपासले जाते, वजन केले जाते, दोष काढले जातात, मजुरी कापली जाते. एक विणकर स्त्री पुढच्या कामापोटी थोडी उचल मिळावी म्हणून विनवणी करते. एक लहान मुलगा भुकेने कोसळतो. आणि कापड तपासून मजुरी ठरविणारा फायफर हा कारकून स्वतः पूर्वी विणकर होता.

हा प्रवेश नांदेड-लातूरच्या श्रोत्यांसमोर मोठ्याने वाचला तर त्याला तळटीप लागणार नाही. ऊसतोडीची सारी व्यवस्था त्यात आहे. साखर कारखाना हा आपल्या भागातील महत्त्वाचा कारखाना. पण त्याच्या श्रमाचा मोठा भाग कारखान्याच्या फाटकाबाहेर, शेतात होतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. हंगामापूर्वी उचल दिली जाते आणि तोडलेल्या उसाच्या वजनावर ती फिटते. मध्ये खाडा झाला तर कपात होते. कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम असतो आणि तो पुष्कळदा मजुरांमधूनच वर आलेला असतो. फायफर हा सायलेशियाचा मुकादम आहे. जो माणूस कालपर्यंत आपल्यासारखाच होता, त्याच्या हाती आज वजनकाटा आहे, हे नाटकातील दुःख आणि आपल्या फडावरील दुःख यांची जात एकच आहे.

कारखान्याविषयीची इतर बहुतेक नाटके गृहीत धरतात ते ठरलेले वेतन, ठरलेली पाळी आणि युनियन या तिन्ही गोष्टी ऊसतोड मजुराला बव्हंशी अपरिचित आहेत. म्हणून ती नाटके त्याच्यापर्यंत वळसा घेऊन पोहोचतात. 'विणकर' थेट पोहोचते. औद्योगिक भांडवलशाहीच्या विकासक्रमात मागे पडलेली मानली गेलेली व्यवस्था आपल्या भागात आजही कारखान्याला जोडूनच चालते, हे वास्तव या नाटकाच्या वाचनातून लख्खपणे समोर येऊ शकते.

नाटकाचा शेवटही विचार करण्यासारखा आहे. म्हातारा हिल्से हा श्रद्धाळू विणकर उठावात सामील होण्यास नकार देतो. आपले काम हीच आपली भक्ती, या भावनेने तो मागावर बसून राहतो आणि सैनिकांची भरकटलेली गोळी लागून तोच मरतो. उठाव योग्य की अयोग्य, याचा निकाल हाउप्टमान देत नाहीत. कामावर निष्ठा ठेवणारा माणूसही सुरक्षित नसतो, एवढेच ते दाखवितात. सांप्रदायिक भक्तीची खोल परंपरा असलेल्या आपल्या प्रदेशात हिल्सेचे बोलणे उपहासाच्या सुरात वाचले जाऊ नये. तो मूर्ख नाही. त्याच्या श्रद्धेला पूर्ण वजन देऊन वाचले तरच ती गोळी श्रोत्याला लागेल.

'स्ट्राइफ' आणि 'अधांतर' : समझोता आणि त्याचा अभाव :

'स्ट्राइफ'मध्ये कंपनीचा वृद्ध अध्यक्ष अँथनी आणि संपनेता रॉबर्ट्स हे दोघे तडजोडीला तयार नसलेले पुरुष आहेत. रॉबर्ट्सची आजारी पत्नी संपाच्या हालअपेष्टांत मरण पावते. शेवटी दोघांनाही त्यांचीच माणसे बाजूला सारतात आणि समझोता होतो. मात्र ज्या अटींवर तो होतो, त्या संप सुरू होण्यापूर्वीच मांडल्या गेल्या होत्या, हे अखेरीस उघड होते. प्रेमचंदांनी १९३० च्या सुमारास हे नाटक 'हड़ताल' या नावाने हिंदीत आणले, हे लक्षात घेता भारतीय वाचकाला ते किती जवळचे वाटले असेल याची कल्पना येते.

या नाटकाच्या शेजारी 'अधांतर' ठेवून वाचले तर दोहोंचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुमारे अडीच लाख कामगारांचा होता. तो रीतसर मागे घेतला गेल्याची घोषणा कधी झालीच नाही. गॉल्सवर्दींच्या नाटकात निष्फळ का होईना, समझोता आहे. कागदावर सह्या होतात, माणसे कामावर परततात. गिरणगावात सही झाली नाही आणि कामही परतले नाही. 'अधांतर' हे शीर्षकच या न संपलेल्या संपाचे नाव आहे. संप शेवटापर्यंत न गेल्याने तो घरात शिरतो: एका मुलाच्या लेखनाच्या स्वप्नात, दुसऱ्याच्या क्रिकेटमध्ये, तिसऱ्याच्या गुन्हेगारीत आणि हे सारे सांभाळणाऱ्या आईच्या थकव्यात. गॉल्सवर्दी संपाचा न्याय-अन्याय तोलतात. जयंत पवार तोलण्यासाठी काहीच उरले नसल्याचे दाखवितात.

म्हणून परदेशी नाटकांचे अभिवाचन स्वतंत्रपणे न करता मराठी नाटकाशी जोडून करावे, असे सुचवावेसे वाटते. एका सायंकाळी 'स्ट्राइफ'चा शेवटचा अंक आणि 'अधांतर'मधील निवडक प्रवेश असे वाचन झाले, तर परदेशी नाटक आदर्श म्हणून आणि मराठी नाटक त्याची प्रत म्हणून पाहण्याची सवय मोडेल. या तुलनेत 'अधांतर' कोठेही उणे पडत नाही, हे श्रोत्यांना आपोआप कळेल.

'स्वेट' आणि धोट्यावरील धागा :

लिन नॉटेज यांच्या 'स्वेट'ला २०१७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पेनसिल्वेनिया राज्यातील रेडिंग या उद्योग उजाडलेल्या शहरात जाऊन, तेथील माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांनी हे नाटक रचले. ट्रेसी आणि सिंथिया या कारखान्यातील जुन्या मैत्रिणी. सिंथिया ही कृष्णवर्णीय स्त्री पर्यवेक्षक होते. त्यानंतर कंपनी यंत्रे हलविते, टाळेबंदी करते आणि मैत्री वर्णद्वेषात बदलते. मद्यालयात झाडलोट करणारा, लॅटिन अमेरिकी वंशाचा ऑस्कर संपकऱ्यांच्या जागी कामावर जातो आणि सर्वांचा राग त्याच्यावर कोसळतो. कामगारांची एकजूट ही गृहीत धरण्याची गोष्ट नसून ती कोठे फुटते हे पाहण्याची गोष्ट आहे, असे हे नाटक सांगते.

मराठी अभिवाचनात हा मुद्दा केवळ अमेरिकेचा म्हणून ऐकला जाऊ नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि दुसऱ्याच्या उष्ट्या धाग्याचा विटाळ सवर्ण कामगारांना मान्य नव्हता. त्यामुळे अधिक मजुरीच्या या खात्याचे दार दलितांना बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. मालकाशी लढणारा कामगार आपल्याच सोबत्याला मागापासून दूर ठेवीत होता, हा इतिहास मनात ठेवून 'स्वेट' वाचले पाहिजे. 'वाटा-पळवाटा'सारख्या नाटकातून दलित चळवळीतील अंतर्विरोध निर्भयपणे मांडणारे दत्ता भगत हे नाटककार नांदेडचे. त्यामुळे हा प्रश्न येथील नाट्यरसिकाला नवा नाही. तो कारखान्याच्या संदर्भात विचारला जाणे मात्र नवे ठरेल.

भाषांतर, रूपांतर आणि बोली :

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. हाउप्टमान यांनी हे नाटक प्रथम सायलेशियाच्या बोलीत लिहिले आणि नंतर ते प्रमाण जर्मनच्या जवळ आणले. त्यांच्या विणकरांचे दारिद्र्य त्यांच्या उच्चारात आहे. मालकाची भाषा वेगळी आहे. मराठी अभिवाचनात सर्वच पात्रे पुण्याच्या प्रमाण भाषेत बोलू लागली तर मालक आणि मजूर यांच्यातील अंतर केवळ मजकुरात उरेल, कानाला जाणवणार नाही. आहार्य आधीच सोडलेले असताना भाषेतील हा भेदही सोडणे म्हणजे अभिवाचनाजवळचे शेवटचे साधन टाकून देणे होय. "तीन दिवसांपासून मी काम करीत आहे, कृपया माझी मजुरी द्यावी" आणि "तीन रोज झाले कामच करायलोय मालक, मजुरीचं बघा की" ही दोन वाक्ये एकच माहिती देतात. परंतु दुसऱ्या वाक्यात बोलणारा माणूस उभा आहे.

तथापि बोली वापरण्यात एक धोका आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाने मराठवाडी बोलीला महाराष्ट्रभर आणि परदेशातही लोकप्रियता मिळवून दिली. मालवणीच्या बाबतीत हेच काम 'वस्त्रहरण'ने केले. या दोन्ही कलाकृतींचे मोल निर्विवाद आहे. पण त्यांच्या यशाचा एक परिणाम असा झाला की, रंगमंचावर बोली ऐकताच प्रेक्षक हसण्याच्या तयारीत बसतो. भुकेने कोसळलेल्या मुलाचा प्रवेश मराठवाडी बोलीत वाचताना सभागृहात पहिला आवाज हसण्याचा आला, तर दोष बोलीचा नसून तिला आजवर दिलेल्या भूमिकेचा आहे. बोलीला शोकाचा हक्क मिळवून देणे हे अशा अभिवाचनाचे एक महत्त्वाचे कार्य ठरेल. त्यासाठी ठेका, हेल आणि लकबी यांचे प्रदर्शन टाळून ती बोली साध्या स्वरात, तिच्या रोजच्या गंभीरपणाने वाचली पाहिजे.

बोली स्वीकारली म्हणून रूपांतरही स्वीकारावे, असा याचा अर्थ नाही. पीटर्सवाल्डाऊचे नांदेड आणि ड्रायसिगरचे शेठजी केले की नाटक जवळ आल्यासारखे वाटते, पण नवे प्रश्न निर्माण होतात. आपल्याकडे विणकर म्हटले की साळी, कोष्टी, मोमीन अशा जाती व समाज डोळ्यांसमोर येतात. रूपांतरकाराला एक तर जात लपवावी लागेल किंवा मूळ नाटकात नसलेली जात त्यात भरावी लागेल. दोन्ही मार्गांनी सत्याचा अपलाप होतो. म्हणून स्थळ, काळ आणि नावे परकीय ठेवावीत आणि बोलणे मात्र आपल्या मजुराचे असावे, ही भूमिका अधिक योग्य वाटते. सायलेशियाचा विणकर मराठवाडी बोलतो हे ऐकताना जो किंचित धक्का बसतो, तोच उपयुक्त आहे. हा आपला माणूस नाही आणि तरीही आपलेच बोलतो आहे, या जाणिवेतून श्रोता तुलना करू लागतो.

शब्दनिवडीचेही असेच आहे. माग, धोटा, ताणा, बाणा, पाळी, भोंगा, बदली कामगार, उचल, खाडा हे शब्द कामगारांनी घडविलेले व वापरलेले आहेत. त्यांच्या जागी कोशातील संस्कृतप्रचुर प्रतिशब्द आले तर भाषांतर शुद्ध होईल, पण निर्जीव होईल. 'रोबोट' हा शब्द याबाबतीत उद्बोधक आहे. चापेक यांना तो त्यांचा भाऊ जोसेफ याने सुचविला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम असा आहे. आपण 'यंत्रमानव' म्हणतो तेव्हा यंत्र राहते आणि सक्ती निघून जाते. जमीनदारीच्या काळातील वेठबिगारीची आठवण असलेल्या मराठवाड्यात 'वेठ' हा शब्द चापेकच्या कितीतरी जवळचा आहे. हेच नाटक प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात येण्यापूर्वी जानेवारी १९२१ मध्ये ह्रादेत्स क्रालोव्हे या लहान शहरातील हौशी नटांनी सादर केले होते, ही गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या रंगकर्मींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

श्रोता कोण? :

अखेरचा आणि सर्वांत कठीण प्रश्न श्रोत्यांचा आहे. नांदेडचे कुसुम सभागृह असो की लातूरचे दयानंद सभागृह, तेथे अभिवाचनाला येणारा वर्ग बहुतांशी प्राध्यापक, विद्यार्थी, नोकरदार व हौशी रंगकर्मी यांचा असतो. मजुरांविषयीचे नाटक मजुरांच्या अनुपस्थितीत वाचून झाल्यावर टाळ्या वाजविणे, यात एक प्रकारची सोयीस्कर सहानुभूती आहे. ती टाळायची कशी?

पुण्यात २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे नाटक महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना बरोबर घेऊन उभे केले. त्या प्रयोगाचे महत्त्व असे की, कामगार हा नाटकाचा विषय किंवा प्रेक्षक न राहता नाटकाचा कर्ता झाला. अभिवाचनात हे अधिक सुलभ आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात एक अडसर आहे. अभिवाचनाला वाचता येणे लागते. ज्यांच्या वाट्याला शाळा आली नाही, त्यांना हा प्रकार दारातच थांबवितो. परंतु त्यांची मुले आज आपल्या महाविद्यालयांत आहेत. दिवाळीच्या आगेमागे आईवडील फडावर जातात आणि ही मुले वसतिगृहात, आजी-आजोबांकडे किंवा कधी आईवडिलांबरोबरच असतात. परीक्षा आणि हंगाम यांची ओढाताण त्यांना ठाऊक आहे. 'विणकर'मधील वजनकाट्याचा प्रवेश वाचण्यासाठी याहून अधिकारी वाचक कोणते असणार? त्यांच्याकडे केवळ उपस्थितीपटावरील नावे म्हणून न पाहता संहितेचे जाणकार म्हणून पाहिले, भाषांतरातील शब्द त्यांच्याकडून तपासून घेतले, तर अभिवाचन हा सांस्कृतिक कार्यक्रम न राहता अभ्यासाची पद्धती होईल.

तसेच वाचनाची जागाही बदलता येईल. अभिवाचनाला काही लागत नसेल तर त्याला सभागृहही लागत नाही. बाजार समितीच्या आवारात, हमालांच्या विसाव्याच्या वेळी, गावच्या समाजमंदिरात एक अंक वाचता येतो. अर्ध्या तासाचे वाचन आणि त्यानंतर श्रोत्यांचे बोलणे असे त्याचे स्वरूप असावे. त्या बोलण्यात नाटकाच्या उणिवाही निघतील आणि त्या समीक्षकाने नोंदवून घ्याव्यात. उदाहरणार्थ, 'स्ट्राइफ'मधील स्त्रिया प्रामुख्याने सोसणाऱ्या आहेत, पण कोयत्यातील अर्धा वाटा उचलणारी स्त्री या चित्रावर आक्षेप घेईल आणि तिचा आक्षेप योग्यच असेल.

निष्कर्ष :

१. अभिवाचनात आंगिक अभिनय मर्यादित होत असल्याने सर्वच श्रमनाट्ये या प्रकाराला अनुकूल नाहीत. ज्या नाटकांत कारखाना रंगमंचाबाहेर राहून संवाद व ध्वनी यांतून व्यक्त होतो, ती नाटके अभिवाचनास योग्य ठरतात. अशा वाचनात रंगसूचना गाळू नयेत.

२. मराठवाड्याच्या श्रमव्यवस्थेशी सर्वांत निकटचे नाते हाउप्टमान यांच्या 'विणकर' या नाटकाचे आहे. त्यातील उचल, वजन, कपात आणि मध्यस्थ यांची रचना ऊसतोडीच्या व्यवस्थेशी जुळते.

३. परदेशी नाटके मराठी श्रमनाट्यांच्या जोडीने वाचावीत. 'स्ट्राइफ' आणि 'अधांतर' यांच्या एकत्रित वाचनातून संपाच्या समाप्तीविषयीचे दोन भिन्न अनुभव स्पष्ट होतात, तर 'स्वेट'चे वाचन गिरण्यांतील जातिभेदाच्या इतिहासाला सामोरे जाण्यास भाग पाडते.

४. स्थळ व नावे मूळचीच ठेवून संवाद स्थानिक श्रमिक बोलीत आणणे हा रूपांतरापेक्षा अधिक प्रामाणिक मार्ग आहे. या निमित्ताने मराठवाडी बोलीला विनोदापलीकडची गंभीर भूमिका मिळू शकते.

५. श्रमिकांच्या मुलांना वाचक व शब्दांचे जाणकार म्हणून सहभागी करून घेतल्याशिवाय हा उपक्रम अर्थपूर्ण होणार नाही.

उस्मानशाही मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला ती पिढी आता थोडी उरली आहे. त्याच वेळी लातूरजवळ २०१८ मध्ये पायाभरणी झालेल्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याकडे तरुण पिढी रोजगाराच्या अपेक्षेने पाहते आहे. एका कारखान्याची आठवण आणि दुसऱ्याची आशा यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या प्रदेशाला श्रमाविषयी बोलण्यासाठी भाषा हवी आहे. ती भाषा येथील माणसांच्या तोंडी आहेच. परदेशी नाटकाच्या अभिवाचनाने ती सभागृहात आणि वर्गात ऐकू आली, तरी या उपक्रमाचे मोठे काम झाले असे म्हणता येईल.